रिफायनरीत संप की टाळेबंदी? पगार दोन्हीकडे थांबतो

कामगारांनी काम थांबवलं तर तो संप. मालकानेच कामगारांना गेटबाहेर ठेवलं तर ती टाळेबंदी.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, बोमॉन्ट इथल्या एक्झॉनमोबिलच्या रिफायनरीत १ मे २०२१ रोजी टाळेबंदी सुरू झाली. सेवाज्येष्ठतेच्या नियमांसह नव्या करारावर एकमत होत नव्हतं. संपाचा धोका असल्याचं सांगत कंपनीने सुमारे ६५० कामगारांना बाहेर ठेवलं.

मग रिफायनरी बंद पडली का? नाही. व्यवस्थापक आणि तात्पुरत्या कामगारांनी ती चालवली. उत्पादन सुरू राहिलं, थांबला तो कामगारांचा पगार. फेब्रुवारी २०२२ मध्ये युनियनच्या सदस्यांनी मतदानाने कंपनीचा प्रस्ताव स्वीकारला. सुमारे १० महिन्यांनी कामगार परतू लागले.

अशा वादात कंत्राटी कामगारांची अडचण वेगळी असते. देखभाल, वेल्डिंग, परांची बांधणं अशी बरीच कामं त्यांच्याकडे असतात, पण वाटाघाटीत त्यांना जागा नसते. निदर्शनं सुरू असताना आत गेले तर कामगारांचा रोष, नाही गेले तर मजुरी बुडते. काम रखडलं की कंत्राटदाराचं बिलही अडकतं.

करार होतो दोघांत, झळ मात्र तिसऱ्यालाही बसते.