सापुताऱ्याचं तळं

बमरोलीहून पहाटे पाचला गाडी काढली, की चिखली, वांसदा, वघई करत न्याहारीच्या वेळेला आपण सापुताऱ्याच्या तळ्याकाठी असतो. आपल्यातल्या बहुतेक घरांनी ही सहल एकदा तरी केली आहे. होडीत बसायचं, मक्याचं कणीस खायचं, फोटो काढायचे आणि परत. आम्हीही वर्षानुवर्षं एवढंच केलं. पण हे तळं मुळात इथं का आहे, हे यंदा मुलांनी विचारलं आणि आमची पंचाईत झाली.

तळं निसर्गाचं नाही, बांधलेलं आहे. १९५६ मध्ये अबू राजस्थानात गेलं, म्हणजे नक्की तलावही गेला. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, तेव्हा महाबळेश्वर आणि माथेरान महाराष्ट्राकडे राहिली. गुजरातच्या वाट्याला थंड हवेचं म्हणावं असं ठिकाणच उरलं नाही. मग डांगच्या या पठारावर सरकारनं ते घडवलं. रस्ते, विश्रामगृहं, बागा, आणि गिरिस्थान म्हटलं की पाणी हवंच, म्हणून तळं. इथं आधीपासून राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना त्यासाठी जागा सोडावी लागली; त्यांची वस्ती म्हणजे जवळचं नवागाम. होडीतून ते सहसा कुणी दाखवत नाही.

महाबळेश्वरचं वेण्णा तळंही बांधलेलंच. साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी ते १८४२ मध्ये बांधवलं. योगायोग असा, की त्याच सुमारास इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून सागवानी जंगलाचा पट्टा घेतला. सहाच वर्षांत अप्पासाहेब वारले आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. डांगच्या राजांना मात्र आजही होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात सालियाना मिळतो. आम्हाला ही गंमत वाटते, त्यांना बहुधा वाटत नसावी.

डांग आपल्याला परका नव्हताच. मुल्हेरच्या देशमुखांचे इथं हक्क होते. सापुताऱ्याहून हाकेच्या अंतरावर हातगड किल्ला आहे, तो नाशिक जिल्ह्यात. इथल्या शाळांतून मराठी शिकवली जाई. १९४९ मध्ये मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई डांगात येऊन गेले. इथली बोली गुजरातीला जवळची ठरली आणि शाळांची भाषा बदलली. मराठी पुढाऱ्यांनी पुष्कळ आरडाओरड केली, पण १९६० मध्ये डांग गुजरातेतच गेला. ग्रियर्सनसाहेबांनी मात्र आपल्या भाषा-पाहणीत डांगीला खानदेशीच्या घरात बसवलं होतं. खुद्द डांगी माणसाला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न आम्हाला दोन्ही बाजूंना विचारावासा वाटतो.

तळ्याच्या काठावर एक डांगी बाई नागलीचं पीठ घेऊन बसली होती. आमच्या मुलांनी गुजरातीत भाव विचारला, तिनं गुजरातीत सांगितला. मग आमच्या आई पुढं झाल्या. माहेर धुळ्याकडचं, त्यांनी सरळ अहिराणी सुरू केली. बाईनं मान वर केली, हसली आणि आपल्या बोलीत उत्तर दिलं. दोघी पंधरा मिनिटं पावसाबद्दल, सुनांबद्दल आणि भाकरी थापताना पीठ का चिरतं याबद्दल बोलत बसल्या. होडीची वेळ टळली.

पिठाचा भाव मात्र एक रुपयानं उतरला नाही.