मंद गतीचा स्क्रू

मुदखेडच्या एखाद्या गॅरेजात जुनी मोटारसायकल आली, की मेकॅनिक आधी इंजिन गरम करतो आणि मग कार्बोरेटरवरचा छोटा स्क्रू फिरवून मंद गती जुळवतो. या स्क्रूमागे दोन शतकांचे विज्ञान आहे.

अरुंद जागेतून वाहताना प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, याविषयीचे प्रयोग इटलीच्या व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. १८९३च्या सुमारास हंगेरीत बांकी व चोंका यांनी, तर जर्मनीत मायबाख यांनी हवेच्या झोतात पेट्रोल फवारणारा कार्बोरेटर बनवला.

पण थ्रॉटल मिटला, की अरुंद भागातील हवा संथ होते. मुख्य छिद्रातून पेट्रोल ओढले जात नाही व इंजिन बंद पडते. म्हणून थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, जिथे दाब फार कमी असतो तिथे वेगळे बारीक छिद्र ठेवतात. स्क्रू थ्रॉटल पूर्ण मिटू देत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. बहुतेक नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. जुने कार्बोरेटर भंगारात जाण्याआधी त्यातला एखादा उघडून वर्गात ठेवावा. व्हेंचुरींची अरुंद वाट विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.