लंडनची ऊब आणि तिचा हिशेब

ढगांच्या वर्गीकरणामुळे ल्यूक हॉवर्डचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु १८१८ व १८२० साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला त्याचा लंडनच्या हवामानावरील ग्रंथ आमच्या मते अधिक मोलाचा होय. व्यवसायाने हा गृहस्थ रासायनिक कारखानदार. रॉयल सोसायटीने शहरात घेतलेल्या तापमानाच्या नोंदी त्याने प्लेस्टो, टॉटनहॅम येथील आपल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. शहरातील रात्र सरासरीने ३.७० अंश फॅरेनहाइट अधिक उबदार, दिवस मात्र ०.३४ अंशाने थंड, असे त्यास आढळले. या उबेच्या कारणांत त्याने दाट वस्ती आणि चुली-भट्ट्यांत जळणारे इंधन यांस महत्त्वाचे स्थान दिले.

तर्क मार्मिक खरा, पण येथेच अडचण उद्भवते. तापमापक तापमान दाखवितो. उष्णतेचा उगम दाखवीत नाही. दिवसा भिंतींत साठलेली सूर्याची उष्णता रात्री बाहेर पडते, तीही त्याच पाऱ्यात मिसळते.

पुढील संशोधकांनी म्हणून दोन आडवाटा धरल्या. एक, कोळसा, वीज, वाहने आणि माणसांची शरीरे यांच्या उष्णतेची बेरीज. दुसरी, प्रारण, वाऱ्याने वाहून नेलेली उष्णता, बाष्पीभवन व साठवण यांचा ताळेबंद मांडून उरणारी बाकी. पहिलीत इंधन जळण्याची वेळ आणि उष्णता घराबाहेर पडण्याची वेळ एक नसते. दुसरीत तर इतर सर्व मोजमापांच्या चुका त्या बाकीतच येऊन साचतात.