कुत्र्यांपायी पडलेला हरताळ

कुत्र्यांपायी मुंबई बंद पडली होती, असे सांगितले तर नवल वाटेल. पण १८३२ च्या जून महिन्यात तसे घडले खरे.

उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम तसा जुनाच. कुत्र्यामागे शिपायांना आठ आणे मिळत. मग काय! पैशाच्या लोभाने ते पाळलेल्या कुत्र्यांनाही सोडीनात. पारशी लोकांत कुत्रा पवित्र. त्यांनी शिपायांना अडवले. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन, मुसलमानही त्यांना मिळाले. दुकाने बंद झाली, कुलाब्यातील पलटणीची रसद तुटली.

दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला पांजरपोळाची स्थापना केली. दंगलीतून उठलेला प्रश्न दानाने सोडवू पाहिला, ही मोठीच गोष्ट.

पण आसरा दिला म्हणून पैदास थोडीच थांबते? कुत्री नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून बहुधा दोनदा. मारून जागा रिकामी केली, तरी उकिरड्यावर अन्न आहे तोवर नवी कुत्री येणारच. म्हणून २००१ च्या केंद्रीय नियमांनी नसबंदीचा आणि पिसाळरोगाच्या लसीचा मार्ग धरला; २०२३ च्या नियमांतही तोच मुख्य राहिला.

तेव्हा गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा: कुत्रे पाळायचे तर आसऱ्यातले निराधार पिल्लू घरी आणावे, त्याची नसबंदी करावी, लस टोचावी. आणि नको झाले म्हणून वेशीबाहेर सोडू नये. मोकाट कुत्र्यांची गोष्ट पुष्कळदा तिथूनच सुरू होते.