तरंगारोहण व दक्षिण आफ्रिकेतील वंचित मुले

तरंगारोहण (सर्फिंग) : फळीवर उभे राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून किनाऱ्याकडे येण्याचा जलक्रीडाप्रकार. हवाई बेटांवर त्याची परंपरा प्राचीन असून विसाव्या शतकात तो दक्षिण आफ्रिकेत रुजला. तेथील गरीब वस्त्यांतील मुलांना मात्र समुद्र जवळ असूनही हा खेळ दीर्घकाळ दुर्लभ होता.

याचे मूळ वर्णविद्वेषी कायद्यांत आहे. १९५० च्या समूह क्षेत्र कायद्याने वस्त्यांची आणि १९५३ च्या स्वतंत्र सुविधा आरक्षण कायद्याने सार्वजनिक स्थळांची वर्णानुसार विभागणी झाली. उत्तम किनारे गोऱ्यांकडे गेले. १९६७ मध्ये केप टाउनजवळील सायमन्स टाउन हे बंदर गोऱ्यांचे क्षेत्र ठरले व तेथील मिश्रवर्णीय कुटुंबांना ओशन व्ह्यू या नव्या वसाहतीत हलविण्यात आले. समुद्र उरला तो वसाहतीच्या नावात. १९७२ मध्ये डर्बनच्या स्पर्धेसाठी आलेला हवाईचा विख्यात तरंगपटू एडी आयकाऊ (१९४६–७८) यास वर्णामुळे हॉटेलात जागा नाकारण्यात आली. ऑगस्ट १९८९ मध्ये केप टाउनच्या परिसरातील राखीव किनाऱ्यांवर निदर्शने झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किनारे सर्वांना खुले करण्यात आले आणि १९९० मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला.

कायदा गेला, तरी अडसर उरले. फळी, थंड पाण्यासाठी लागणारा रबरी पोशाख व प्रवासखर्च गरिबांना परवडणारा नव्हता. अनेक मुलांना पोहताही येत नव्हते. मासिफुमेलेले (खोसा भाषेत ‘आपण यशस्वी होऊ’) या वस्तीतील मुलांसाठी टिम कॉनिबेअर यांनी २००९ च्या सुमारास अनौपचारिक वर्ग सुरू केले. त्यांतूनच ‘वेव्ह्ज फॉर चेंज’ ही संस्था उभी राहिली. हिंसा व दारिद्र्य यांची झळ लागलेल्या मुलांना वस्तीतीलच प्रशिक्षित तरुण समुद्रावर नेतात. लाटांच्या सरावाला श्वासनियमन, खेळ व मनातील भावना बोलून दाखविण्याची जोड असते. २०१७ मध्ये संस्थेस लॉरियस क्रीडा पुरस्कारांपैकी सामाजिक कार्याचा पुरस्कार लाभला.

या क्रीडेस दारिद्र्यातून सुटकेचा मार्ग म्हटले जाते. परंतु ही सुटका मर्यादित अर्थाची आहे. लाट काही क्षणांची असते व मूल संध्याकाळी त्याच वस्तीत परतते. घर, शाळा आणि सुरक्षितता यांचे प्रश्न समुद्र सोडवीत नाही. भीती आवरण्याची सवय आणि विश्वासाने ज्याच्याकडे जाता येईल असा वस्तीतीलच एक मोठा माणूस, हे मात्र त्या मुलाबरोबर घरी येते. या उपक्रमांचे खरे मूल्य त्यातच आहे.