बक्षीस नसलेली शाळा

१९१३ साली काठेवाडातील एका वकिलाच्या घरी मुलगा जन्मला. याला शिकवायचे कुठे, हा प्रश्न बापापुढे उभा राहिला. छडी आणि घोकंपट्टीच्या शाळेत त्याला मुलाला घालायचे नव्हते. शोध घेता घेता मारिया माँटेसरी यांचे विचार हाती आले आणि आयुष्याची दिशाच बदलली. वकिली सोडून १९१६ मध्ये तो भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाला. १९२० मध्ये तेथे त्याने बालमंदिर सुरू केले. हे गिजुभाई बधेका.

तो काळ मॅट्रिकचा होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यापासून परीक्षा, प्रमाणपत्र आणि सरकारी नोकरी ही साखळी मध्यमवर्गीय घरांत पक्की बसली होती. अशा वेळी गिजुभाईंनी बालमंदिरातून छडी हद्दपार केली, हे पालकांना एक वेळ समजण्याजोगे होते. पण त्यांनी बक्षीस, परीक्षा आणि चढाओढही नाकारली. शिक्षेने मूल भिते, बक्षिसाने लालचावते. दोन्हींत त्याची नजर कामावरून उठून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे जाते.

मग आपले बरोबर की चूक, हे मुलाला कळायचे कसे? याचे उत्तर माँटेसरींच्या साधनांतच आहे. लाकडी ठोकळ्यातील लहानमोठ्या खाचांत तेवढेच लहानमोठे दट्टे बसवायचे. एक जरी चुकीच्या खाचेत गेला, तरी शेवटी एक दट्टा उरतो आणि तो उरलेल्या खाचेत बसत नाही. मूल थबकते, सगळे दट्टे काढते, पुन्हा लावते. बाईंनी ‘चुकले’ म्हणावे लागत नाही आणि जमल्यावर ‘शाबास’चीही गरज उरत नाही.

राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक याच कामासाठी भावनगरला आल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. तरीही एक आक्षेप शिल्लक होता: चढाओढीविना वाढणे ही खात्यापित्या घरांची चैन नव्हे काय? ज्याच्या पोटाला नाही, त्याला प्रमाणपत्राचाच आधार.

या आक्षेपाला ताराबाईंनी लेखातून नव्हे, बोर्डीत उत्तर दिले. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबादच्या टेकडीवर काम हलले. तेथील वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. हजेरी लागत नाही म्हणून मुलाला नापास ठरवण्याऐवजी येथे शाळेने स्वतःची चूक दुरुस्त केली. न बसणारा दट्टा काढून पुन्हा लावावा, तसे.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. त्यामागचा विचार मात्र तेवढा पोचला नाही. आज तीन वर्षांच्या मुलाच्या स्नेहसंमेलनातही पदके वाटली जातात, आणि ज्याला मिळाले नाही त्याची आई घरी येईपर्यंत गप्प असते. मुलाला ती शांतता बरोबर कळते.

म्हणून या इतिहासातली एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. गिजुभाईंनी वकिली सोडली, ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले, ते मुलांच्या हातातून बक्षीस काढून घेण्याच्या आधी. ‘नंबराला महत्त्व नाही’ असे मुलाला सांगणे सोपे आहे. ते आपल्याला स्वतःला पटले आहे का, हे मूल आपल्या चेहऱ्यावर वाचत असते.