खेळ हवा, माणूस नको

आपल्याकडे बास्केटबॉल हा शहरी शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणातला खेळ. आपल्या वस्त्यांतून कबड्डीला आणि क्रिकेटला जेवढी जागा मिळाली तेवढी या खेळाला कधी मिळाली नाही. तरीही अमेरिकेतील या खेळाचा इतिहास, विशेषतः तेथील नामवंत काळ्या खेळाडूंवर वृत्तपत्रांनी आणि प्रेक्षकांनी केलेल्या टीकेचा इतिहास, आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे. खेळाडू चुकला तर टीका व्हायचीच. नेम हुकला, संघ हरला, ऐन वेळी हात कापले, तर प्रेक्षक ओरडणार आणि पत्रकार लिहिणार. तो त्यांचा हक्क आहे. पण संघ जिंकत असताना, नेम बसत असताना ज्या खेळाडूवर टीका होते, ती नेमकी कशाबद्दल होते? या प्रश्नाच्या मागे लागले की आपण खेळाच्या पानावरून थेट समाजव्यवस्थेच्या पानावर येऊन पोचतो.

हा खेळ १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. व्यावसायिक खेळाच्या मुख्य संघटनेत, म्हणजे एन. बी. ए. मध्ये, काळे खेळाडू उतरले ते १९५० साली : अर्ल लॉइड, चक कूपर आणि नॅट क्लिफ्टन. आज त्या संघटनेतील सुमारे सत्तर टक्के खेळाडू काळे आहेत. मैदान असे बदलत गेले. पण मैदानाबद्दल लिहिणारी लेखणी मात्र दीर्घकाळ गोऱ्यांच्याच हातात राहिली. हा फरक ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

बिल रसेल याचे उदाहरण घेऊ. त्याचा जन्म १९३४ साली लुइझियाना राज्यातील मन्रो गावी झाला. त्याची आई एकदा चांगला शिवलेला पोशाख घालून गावात गेली, तेव्हा पोलिसाने तिला अडवले : हे गोऱ्या बाईचे कपडे, घरी जाऊन बदल. ही आठवण रसेलने आयुष्यभर सांगितली. आपल्यापैकी कोणाला ती परकी वाटेल? माझ्या घरात पुस्तक आले ते माझ्याबरोबर, आणि इस्त्रीचा सदराही माझ्याबरोबरच. गावात त्या सदऱ्याला एक शब्द होता : माज. बैल माजतो, रेडा माजतो, आणि नीट कपडे घातलेला महाराचा पोर माजतो! अमेरिकेच्या वृत्तपत्रांना हा मराठी शब्द ठाऊक नव्हता; पण त्याचा अर्थ त्यांना नीट ठाऊक होता.

मन्रो सोडून रसेलचे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंडला आले. पुढे १९६६ साली ज्या शहरात ब्लॅक पँथर पक्ष जन्मला आणि ज्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेच हे ओकलंड. रसेल १९५६ साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन बॉस्टनच्या सेल्टिक्स संघात आला. तेरा हंगामांत या संघाने अकरा विजेतेपदे मिळवली. जगातल्या कुठल्याही खेळात असा पराक्रम विरळा. एवढे देणाऱ्या माणसाला त्या शहराने काय दिले?

१९५८ साली खेळाडूंनी आपल्या मतांनी रसेलला त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. त्याच वर्षी क्रीडापत्रकारांनी निवडलेल्या आदर्श संघात मात्र त्याला दुसऱ्या फळीत ठेवले गेले. म्हणजे जे त्याच्याविरुद्ध खेळत त्यांना तो पहिला दिसत होता. जे बाकावर बसून लिहीत त्यांना पहिल्या पाचांतही दिसत नव्हता. बॉस्टनचा हॉकी संघ तळाशी रखडत असतानाही त्याचे सामने भरून जात, आणि सतत जिंकणाऱ्या सेल्टिक्सच्या सामन्यांना खुर्च्या रिकाम्या राहत. १९६१ साली केंटकीतील लेक्सिंग्टन येथे संघातल्या काळ्या खेळाडूंना हॉटेलात खायला देण्याचे नाकारले गेले. रसेल व त्याचे काळे सहकारी त्या रात्री न खेळता परत फिरले. तो सामना उरलेल्या गोऱ्या खेळाडूंनी खेळून पूर्ण केला.

रसेल चाहत्यांना स्वाक्षरी देत नसे. कागदावर नाव खरडण्यापेक्षा हात मिळवावा, दोन शब्द बोलावेत, असे तो म्हणे. एवढ्यावरून तो तुसडा, उर्मट, कृतघ्न ठरला. सरकारच्या गुप्तचर खात्याने त्याच्या नावाची फाईल ठेवली होती. तीत गोऱ्या मुलांना स्वाक्षरी न देणारा उर्मट निग्रो अशा अर्थाची नोंद होती, हे पुढे उघड झाले. स्वाक्षरी न देणे हा गुन्हा कधीपासून झाला? याच दशकात बॉस्टनजवळच्या रेडिंग गावातील त्याच्या घरात लोक शिरले. त्यांनी भिंतींवर शिव्या लिहिल्या, त्याची मानचिन्हे फोडली आणि त्याच्या अंथरुणात विष्ठा टाकली. हे त्याच्या मुलीने १९८७ साली लिहून ठेवले आहे. सभागृहात टाळ्या आणि अंथरुणात घाण, या दोन्ही एकाच समाजाच्या कृती होत्या, आणि त्या एकाच काळात चालल्या होत्या.

१९६६ साली रसेल त्या संघाचा प्रशिक्षक झाला. अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक खेळांच्या आधुनिक काळातला तो पहिला काळा प्रशिक्षक. पत्रकारांच्या बैठकीत त्याला विचारण्यात आले, की गोऱ्या खेळाडूंबाबत तुम्ही उलटा वर्णद्वेष न ठेवता काम करू शकाल काय? त्याच्याआधीच्या एकाही गोऱ्या प्रशिक्षकाला, काळ्या खेळाडूंशी तुम्ही न्यायाने वागाल काय, असे कोणी विचारले नव्हते. आपल्यातला कोणी परीक्षक झाला, अधिकारी झाला, की त्याच्या निःपक्षपातीपणाची चौकशी सुरू होते. शतकानुशतके पक्षपात करणाऱ्यांची कधी होत नाही. रसेलने १९६८ व १९६९ साली खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने विजेतेपद मिळवून त्या प्रश्नाचे उत्तर दिले.

टीकेप्रमाणे स्तुतीलाही वर्ण असतो. १९८७ साली डेट्रॉइटच्या डेनिस रॉडमन आणि आयझेया थॉमस या खेळाडूंनी म्हटले, की लॅरी बर्ड गोरा आहे म्हणून त्याचे एवढे कौतुक होते. तो काळा असता तर चांगल्या खेळाडूंपैकी एक एवढेच त्याला म्हटले गेले असते. बर्डसारख्या असामान्य खेळाडूबद्दल हे बोलणे अन्यायाचे होते, आणि त्यावर गदारोळ झाला. पण थॉमसने पुढे मांडलेला मुद्दा त्या गदारोळात बुडाला. गोरा खेळाडू चांगला खेळला की त्याची बुद्धी, त्याची मेहनत यांची वर्णने येतात; काळा चांगला खेळला की ती त्याची उपजत शक्ती ठरते, असा तो मुद्दा होता. आपल्या शाहिरांबद्दल, तमाशातल्या कलावंतांबद्दल 'यांच्या रक्तातच आहे' असे कौतुकाने म्हणतात ना, तसेच हे. रक्तात आहे म्हटले की रियाज नाकारता येतो, डोके नाकारता येते, आणि शेवटी मोबदलाही नाकारता येतो.

रसेलचे घर हा अपवाद होता असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे घर पाहू. महमूद अब्दुल-रऊफ हा मिसिसिपीत गरिबीत वाढलेला, डेन्व्हर संघासाठी सर्वाधिक गुण करणारा खेळाडू. राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहणे त्याने आपल्या धर्मश्रद्धेमुळे आणि तो ध्वज जुलमाचेही प्रतीक आहे या मतामुळे नाकारले. मार्च १९९६ मध्ये संघटनेने त्याला निलंबित केले; एका सामन्याचे त्याचे ३१,७०७ डॉलर कापले गेले. उभे राहायचे पण मान खाली घालून प्रार्थना करायची, अशी तडजोड झाली. तेवढ्यात डेन्व्हरच्या एका रेडिओ केंद्राची माणसे मशिदीत शिरून राष्ट्रगीत वाजवून आली. त्याच वर्षी त्याला दुसऱ्या संघाकडे धाडण्यात आले, आणि काही वर्षांत त्या संघटनेतील त्याची कारकीर्द आटोपली. २००१ साली मिसिसिपीतील त्याचे घर जाळले गेले. त्याआधी त्या घरावर कू क्लक्स क्लॅनची अक्षरे रंगवलेली सापडली होती.

तिसरे घर लेब्रॉन जेम्सचे. २०१० साली करार संपल्यावर तो क्लीव्हलंड सोडून मायामीला गेला. हा निर्णय त्याने दूरदर्शनवर खास कार्यक्रम करून जाहीर केला, आणि त्या भपक्यावरची टीका योग्यच होती. पण क्लीव्हलंडच्या मालकाने जाहीर पत्र काढून त्याला विश्वासघातकी ठरवले, लोकांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. ही पळून गेलेल्या गुलामावर चिडलेल्या धन्याची भाषा आहे, असे जेसी जॅक्सन यांनी तेव्हा बजावले. करार संपल्यावर काम बदलण्याचा हक्क खेळाडूंना कोणी दान दिलेला नव्हता; ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाने १९७० साली न्यायालयात गेलेला दावा १९७६ साली तडजोडीने मिटला, त्यातून ती वाट मोकळी झाली. पुढे ३१ मे २०१७ रोजी लॉस एंजेलिसमधील लेब्रॉनच्या घराच्या फाटकावर वर्णद्वेषी शिवी लिहिलेली सापडली. कितीही पैसा असला, कितीही लोक तुमचे कौतुक करत असले, तरी अमेरिकेत काळा असणे कठीणच आहे, असे तो म्हणाला. २०१८ साली त्याने राष्ट्राध्यक्षांवर टीका केली, तेव्हा एका दूरचित्रवाणी निवेदिकेने त्याला तोंड बंद ठेवून चेंडू आपटत राहण्याचा सल्ला दिला.

या सल्ल्यामागे नेहमी एक युक्तिवाद असतो : कोट्यवधी मिळतात, मग तक्रार कसली? मी नोकरीला लागलो त्या महाविद्यालयात, प्राध्यापकांच्या खोलीत, हाच युक्तिवाद मला दुसऱ्या शब्दांत ऐकायला मिळाला : सवलती मिळाल्या, नोकरी मिळाली, आता आणखी काय पाहिजे? दोन्हींचा अर्थ एकच. दिलेला पगार हा श्रमाचा मोबदला नसून उपकार आहे, आणि उपकाराची परतफेड गप्प बसून करायची आहे. ज्याने गप्प बसण्याचे नाकारले तो माजला. बायांच्या वाट्याला तर याहून वाईट येते. २००७ साली रटगर्स विद्यापीठाचा महिला संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि डॉन आयमस या रेडिओवरच्या निवेदकाने त्या विद्यार्थिनींच्या वर्णाची आणि स्त्रीत्वाची गलिच्छ टवाळी केली. लोकक्षोभामुळे त्याची नोकरी गेली. पण त्या मुलींच्या यशाच्या आठवणीला ते शब्द कायमचे चिकटले.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून आपण सोडून देऊ शकत नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात संघासाठी खेळताना त्यांना चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यातून. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते मिळाले १९२३ साली. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हे आपण विसरत नाही; पण तेवढ्याने मातीच्या भांड्याचा इतिहास पुसला जात नाही. आणि तो इतिहास संपलेलाही नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने हॉकीच्या एकाच सामन्यात तीन गोल केले. असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. काही दिवसांनी उपान्त्य सामन्यात संघ हरला, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरापुढे फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाली, संघात दलित फार झाले म्हणून हरलो असे म्हटले गेले, अशी तक्रार तिच्या कुटुंबीयांनी केली. येथेही जमाव मैदानावर न जाता घरापुढेच आला.

मग उपाय काय? रसेलच्या पिढीने एक उपाय दाखवला. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टनला निवडक खेळाडूंचा सामना दूरदर्शनवर दाखवला जाणार होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत काळे-गोरे सारे खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर पडले नाहीत, आणि ते आश्वासन त्यांनी मिळवले. एकट्याने नकार दिला की तो उर्मट ठरतो. सर्वांनी मिळून दिला की मालकाला बोलणी करावी लागतात. २६ ऑगस्ट २०२० रोजी जेकब ब्लेक या काळ्या माणसावर पोलिसाने केलेल्या गोळीबाराच्या निषेधार्थ मिल्वॉकीचा संघ मैदानात उतरला नाही, आणि त्या दिवशीचे बाकीचे सामनेही झाले नाहीत. लेक्सिंग्टनमध्ये थोड्या काळ्या खेळाडूंनी दिलेला नकार एकोणसाठ वर्षांनी एवढा मोठा झाला होता.

रसेलला १९७५ साली बास्केटबॉलच्या गौरवदालनात स्थान मिळाले, तेव्हा तो समारंभाला गेला नाही. आपल्याआधी चक कूपरसारख्यांचा मान आहे, असे त्याचे म्हणणे होते. कूपरला ते स्थान २०१९ साली, मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी मिळाले, आणि मग रसेलने आपली अंगठी स्वीकारली. दरम्यान २०११ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्याला पदक मिळाले, २०१३ साली बॉस्टनमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, आणि २०२२ साली तो वारल्यावर त्याचा सहा क्रमांक साऱ्या संघटनेत राखून ठेवण्यात आला. ज्या वृत्तपत्रांच्या पानांवर तो कधी तुसडा होता, त्याच पानांवर तो आता स्वाभिमानी झाला. माणूस तोच होता.

मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम देतो. महिनाभर वर्तमानपत्राचे खेळाचे पान घ्या आणि प्रत्येक खेळाडूच्या नावामागे लावलेल्या विशेषणाखाली रेघ ओढा. 'जिद्दी' कोण आणि 'हट्टी' कोण, 'आत्मविश्वासू' कोण आणि 'उद्धट' कोण, 'अभ्यासू' कोण आणि 'उपजत' कोण, हे दोन रकान्यांत लिहा. मग त्या खेळाडूंची आडनावे आणि गावे त्यांच्यापुढे मांडा. कार्यकर्त्यांनी आपापल्या अभ्यासमंडळात हे करून पाहावे. रकाने भरत जातील तसे पुढे काय बोलायचे ते आपोआप सुचेल.